पिल्लू आणि अ‍ॅजिलिटी : सुरुवात केव्हा करावी, कशी करावी

माणसाच्या इशाऱ्यांवर कुत्र्याने अडथळ्यांची मालिका वेगाने पार करायची, या खेळाला अ‍ॅजिलिटी म्हणतात. या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये अ‍ॅजिलिटीविषयीचे प्रश्न आता नियमितपणे असतात आणि त्यांतले बहुतेक एक वर्षाच्या आतल्या पिल्लांबद्दलचे असतात. निवडलेले प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने या वेळचे संपूर्ण सदर याच एका विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे बॉर्डर कोली जातीचे पिल्लू साडेचार महिन्यांचे आहे. ते अतिशय चपळ आहे आणि पुढे त्याच्यासोबत अ‍ॅजिलिटीच्या स्पर्धांत उतरावे अशी आमची इच्छा आहे. एक अनुभवी परिचित म्हणतात, आताच सुरुवात करा, लहानपणी शिकलेले पक्के बसते. आमचे पशुवैद्य मात्र म्हणतात, दीड वर्षापर्यंत उड्या नकोत. आम्ही कोणाचे ऐकावे? आणि थांबायचेच असेल तर तोपर्यंत नेमके काय करावे?

उत्तर : दोघांचेही ऐकावे, कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. तुमचे परिचित शिकण्याबद्दल बोलत आहेत आणि पशुवैद्य हाडांबद्दल. साडेचार महिन्यांचे पिल्लू शिकायला पूर्णपणे तयार असते. त्याचा हाडांचा सांगाडा मात्र अजून तयार व्हायचा असतो. म्हणून अ‍ॅजिलिटीची सुरुवात आजच करावी आणि उंच उडी, वीव्ह पोल (नागमोडी पार करायची उभ्या खांबांची रांग) व उंच चढउताराचे अडथळे हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत लांब ठेवावेत.

वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेच्या पट्ट्या असतात. त्यांना ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीने वाढते ते या पट्ट्यांमधूनच, आणि वाढ पूर्ण झाली की त्यांचे हाडात रूपांतर होते. तोपर्यंत त्या भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असतात. मोठ्या कुत्र्याचा पाय ज्या धक्क्याने मुरगळून थांबला असता, त्याच धक्क्याने पिल्लाची ग्रोथ प्लेट दुखावू शकते. पुढच्या पायात मनगटाजवळ अल्ना या हाडाची जी पट्टी असते, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण त्या हाडाची बहुतेक वाढ तिथेच होते. ती पट्टी इजेमुळे वेळेआधी बंद झाली, तर शेजारचे रेडियस हाड वाढत राहते, अल्ना मागे पडते आणि पाय वाकडा होतो. उडी मारून जमिनीवर उतरताना शरीराचा भार आधी पुढच्या पायांवरच येतो, हे लक्षात घेतले म्हणजे पशुवैद्यांचा आग्रह अनाठायी नाही हे पटेल.

या पट्ट्या बंद होण्याचे वय सगळ्या कुत्र्यांत सारखे नसते. लहान जातींत बहुतेक पट्ट्या नऊ ते बारा महिन्यांत बंद होतात, मध्यम व मोठ्या जातींत बारा ते अठरा महिने लागतात आणि अतिविशाल जातींत त्याहूनही अधिक काळ जाऊ शकतो. शंका असेल तेव्हा अंदाजावर विसंबू नये. पूर्ण उंचीच्या सरावाला हात घालण्यापूर्वी एक्स-रे काढून घ्यावा. खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांतले दोषही त्याच वेळी तपासून घेता येतात. स्पर्धांचे नियमही याच विचाराला धरून आहेत. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना एफसीआय आणि ब्रिटनचा केनेल क्लब अठरा महिन्यांखालील कुत्र्याला अ‍ॅजिलिटी स्पर्धेत घेत नाहीत, तर अमेरिकन केनेल क्लबची किमान मर्यादा पंधरा महिन्यांची आहे. म्हणजे तुमच्या पिल्लापुढे निदान एक वर्षाचा मोकळा काळ आहे आणि घाईने मिळण्यासारखे त्यात काहीही नाही.

आता या काळात करायचे काय, हा तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी हा खेळ मुळात काय मागतो ते पाहू. १९७८ साली लंडनमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात, मुख्य कार्यक्रमांमधल्या मोकळ्या वेळेत प्रेक्षकांचे मनोरंजन करण्यासाठी घोड्यांच्या अडथळा-उड्यांच्या धर्तीवर त्याचे पहिले प्रात्यक्षिक झाले. घोड्याच्या पाठीवर स्वार असतो. इथे मात्र हँडलर, म्हणजे कुत्र्याला इशारे देणारा माणूस, जमिनीवर धावत असतो. कुत्र्याच्या गळ्यात दोरी नसते, हँडलरच्या हातात खाऊ किंवा खेळणे नसते आणि त्याला कुत्र्याला स्पर्श करण्याचीही परवानगी नसते. वीसेक अडथळ्यांचा क्रम परीक्षक दर वेळी नव्याने आखतात, त्यामुळे पुढचा अडथळा कोणता हे कुत्र्याला फक्त हँडलरच्या धावण्याच्या रेषेवरून, खांद्यांच्या दिशेवरून, हातावरून आणि आवाजावरूनच कळते. एखादा अडथळा पार करणे निरोगी तरुण कुत्र्याला फार कठीण जात नाही. कठीण असते ते दोन अडथळ्यांमधले अंतर, जिथे पूर्ण वेगात असतानाही त्याने हँडलरचा इशारा वाचायचा असतो. हे वाचन साडेचार महिन्यांच्या पिल्लाला सपाट जमिनीवर, एकही अडथळा न मांडता शिकवता येते, आणि माझ्या मते तेच सर्वांत आधी शिकवले पाहिजे.

सुरुवात खेळापासून करावी. पिल्लाला तुमच्याबरोबर खेळण्याची ओढ असली पाहिजे. मैदानात इतर कुत्रे भुंकत असताना आणि गवताला नाना वास येत असतानासुद्धा. दोरीच्या खेळण्याने खेचाखेच खेळावी, पण या वयात दात बदलत असतात, हिरड्या हुळहुळ्या असतात, म्हणून खेळणे मऊ असावे, मान वर उचलली जाईल असे ओढू नये, जमिनीलगत आडवे हलवावे आणि पिल्लाला बहुतेक वेळा जिंकू द्यावे. खेळणे सोडायला सांगितल्यावर सोडणे आणि पुन्हा खेळ सुरू होणे, ही देवाणघेवाण याच वयात शिकवावी. ज्या पिल्लाला खाऊ अधिक प्रिय आहे त्याला खेळण्याची सक्ती करू नये. खाऊ जमिनीवर घरंगळत टाकून त्याच्या पाठलागाचाही खेळ होतो.

दुसरे म्हणजे दोन्ही बाजूंनी सोबत धावणे. आज्ञापालनाच्या वर्गात कुत्र्याला बहुधा डाव्या बाजूला चालायला शिकवतात. अ‍ॅजिलिटीत कुत्रा कधी डावीकडे असतो, कधी उजवीकडे, म्हणून पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना सारखेच बक्षीस मिळाले पाहिजे. तुम्ही चार पावले जलद चाला, पिल्लू जवळच्या बाजूने सोबत आले की मांडीच्या शिवणीलगत, त्याच्या नाकाच्या उंचीवर खाऊ द्या. ते सहज जमू लागल्यावर वळसे घ्या. त्यापुढे, पिल्लू मागून येत असताना तुम्ही त्याच्यासमोरून बाजू बदला आणि ते नव्या बाजूला आले की तिथेच बक्षीस द्या. बक्षीस कुठे मिळते याला या खेळात फार महत्त्व आहे, कारण कुत्रा बक्षिसाच्या जागेकडेच धावायला शिकतो. खाऊ नेहमी तुमच्या पोटासमोर मिळत असेल, तर ते पिल्लू पुढे वर्तुळ करून तुमच्या पायांत येईल आणि अडथळ्याकडे पाहणारच नाही. त्यासाठी काही वेळा बक्षीस पुढे, धावण्याच्या दिशेत टाकावे.

तिसरी गोष्ट थांबण्याची. सुरुवातीच्या रेषेवर कुत्रा थांबून राहिला, तर हँडलरला दोन-तीन अडथळे पुढे जाऊन उभे राहता येते. पिल्लाला दोन सेकंद बसवून, एक पाऊल दूर जाऊन, परत येऊन तिथेच खाऊ द्यावा. प्रत्येक वेळी लांब जाऊन हाकच मारली, तर पिल्लू हाकेच्या आधीच निघायला शिकते. म्हणून बऱ्याच वेळा बक्षीस परत येऊन थांबलेल्या जागी द्यावे. हा धडा कंटाळवाणा वाटतो खरा, पण पुढे मोठा झालेला वेगवान कुत्रा सुरुवातीच्या रेषेवरून निसटू लागला की तो नव्याने शिकवणे फार जड जाते.

चौथी गोष्ट शरीराचे भान. पिल्लांना पुढच्या पायांची जाणीव लवकर येते. मागचे पाय आपल्यामागून आपोआप येतात अशीच त्यांची समजूत असते. पुढे डॉग वॉक या उंच पुलासारख्या अडथळ्याच्या केवळ तीस सेंटिमीटर रुंद फळीवरून धावताना मागचा पाय कुठे पडतो हे कुत्र्याला ठाऊक असावे लागते. हे शिकवायला उंचीची गरज नाही. जमिनीवर काठ्या सुट्या पसरून त्यांवरून हळू चालवावे, म्हणजे पिल्लू प्रत्येक पाय जाणीवपूर्वक उचलते. एखाद्या बुटक्या, न सरकणाऱ्या पाटावर पुढचे दोन पाय ठेवून मागच्या पायांनी भोवती फिरायला शिकवावे. दोन-चार पावले सरळ मागे चालणे, चारही पाय एका लहान चौकटीत ठेवून उभे राहणे, हेही असेच. वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून चालण्याची सवय याच काळात लावावी : गवत, माती, वाळू, रबरी चटई, किंचित हलणारी उशी. पिल्लू कचरले तर त्याला पुढे ओढू नये. त्याला हवे तेव्हा मागे फिरू द्यावे आणि स्वतःहून पाऊल टाकले की कौतुक करावे.

अडथळ्यांपैकी सरळ आणि आखूड टनेल (बोगद्यासारखी नळी) आताच दाखवायला हरकत नाही. त्यात उंची नसते आणि बहुतेक पिल्लांना तो आवडतो. तो नीट बांधलेला असावा, पिल्लू आत असताना गडगडू नये, आणि वळणदार टनेलमध्ये पूर्ण वेगाने शिरणे मोठेपणासाठी राखून ठेवावे. उंच शंकू, बादली किंवा झाड यांना वळसा घालून परत येणे हाही उत्तम सराव आहे, कारण उडीच्या खांबाला वळसा घालण्याचे कौशल्य त्यातूनच येते. मात्र घट्ट वळसे फार वेळा घेऊ नयेत.

वेळेबद्दल एक आग्रह. एका बैठकीत दोन ते तीन मिनिटे पुरेत आणि पिल्लाला आणखी हवे असतानाच थांबावे. डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, रोज शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा आठवड्यातून एक-दोनदाच शिकवलेले कुत्रे कमी बैठकांत शिकले, आणि बैठक छोटी असणेही फायद्याचे ठरले. रोज वर्ग भरवला नाही म्हणून पिल्लू मागे पडेल ही भीती मनातून काढून टाकावी. पिल्लाची झोप आणि त्याचे स्वैर हुंदडणे यांना सरावाइतकेच महत्त्व आहे.

याच संदर्भात आणखी एक. उडी नको म्हणून काळजी घेणारे अनेक जण त्याच पिल्लाला पलंगावरून आणि जिन्यावरून दिवसभर उड्या मारू देतात, किंवा चेंडू पुन्हा पुन्हा फेकून त्याला धावता धावता अचानक थांबायला व वळायला लावतात. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, तीन महिन्यांपर्यंतच्या वयात रोज जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या सांध्याच्या विकृतीचा धोका अधिक आढळला, आणि त्याच वयात मोकळ्या जागेत दोरीविना हुंदडणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी आढळला. म्हणून पिल्लाला कापसात गुंडाळून ठेवू नये. त्याला स्वतःच्या गतीने, मऊ जमिनीवर, हवे तेव्हा थांबता येईल असे खेळू द्यावे. टाळायच्या गोष्टी आहेत त्या निसरडी फरशी, उंचावरून उतरणे, आणि तीच ती हालचाल थकेपर्यंत करणे.

प्रश्न : आमची लॅब्राडॉर कुत्री सात महिन्यांची आहे. आम्ही तिला अ‍ॅजिलिटीच्या वर्गात घातले. तिथे दुसऱ्याच आठवड्यात तिला मोठ्या कुत्र्यांच्या उंचीच्या उड्या आणि बारा वीव्ह पोल करायला लावले. ती आनंदाने करते, दमत नाही. तरी मनात शंका येते. वर्ग सोडावा का?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. ती आनंदाने करते यावरून ते तिला सोसते असे सिद्ध होत नाही. लॅब्राडॉरसारख्या उत्साही कुत्र्यांना दुखत असले तरी खेळाच्या आणि खाऊच्या ओढीने ती धावत राहतात. सात महिन्यांच्या लॅब्राडॉरच्या बहुतेक ग्रोथ प्लेट उघड्या असतात. त्यातच ही जात खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांच्या विकृतींसाठी ओळखली जाते आणि त्या विकृतींची पहिली लक्षणे अनेकदा याच वयात दिसू लागतात.

प्रथम प्रशिक्षकांशी शांतपणे बोलावे. तिच्यासाठी उडीची दांडी जमिनीवर ठेवाल का, वीव्ह पोल वगळाल का, त्या वेळात आम्ही सपाट जमिनीवरचा सराव केला तर चालेल का, असे स्पष्ट विचारावे. जाणता प्रशिक्षक हे आनंदाने मान्य करील, किंबहुना हा विषय त्याने स्वतःहून आधीच काढायला हवा होता. वर्गातल्या प्रत्येकाने तेच केले पाहिजे असे उत्तर आले, तर वर्ग सोडावा. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. कुत्रीच्या वतीने नकार देणारे तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही.

उंची किती आणि केव्हा, याचा मी सुचवीन तो क्रम असा. सहा महिन्यांपर्यंत दांडी जमिनीवरच असावी, तीही फक्त दोन खांबांमधून जाण्याची ओळख म्हणून. त्यानंतर वर्षभराची होईपर्यंत दांडी पुढच्या पायाच्या मनगटाच्या उंचीहून वर नेऊ नये. लॅब्राडॉरच्या बाबतीत वर्षानंतर ती कोपराच्या उंचीपर्यंत हळूहळू नेता येते, आणि पूर्ण उंची वाढ संपल्याची खात्री झाल्यावरच द्यावी. एफसीआयच्या नियमांत मोठ्या गटातल्या कुत्र्यांसाठी दांडी ५५ ते ६० सेंटिमीटरवर असते. अपरिपक्व सांध्यांसाठी हा लहानसहान भार नव्हे. उंचीबरोबर पुनरावृत्तीचाही हिशेब ठेवावा. बुटक्या उड्यासुद्धा एका बैठकीत खूप झाल्या तर त्यांचा भार साचतो.

वीव्ह पोलची गोष्ट वेगळी आहे. तिथे उंची नसते, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. परंतु साठ सेंटिमीटर अंतरावर उभ्या असलेल्या बारा खांबांमधून वेगाने जाताना कुत्र्याचा कणा प्रत्येक पावलाला एका बाजूहून दुसऱ्या बाजूला वाकतो आणि खांद्यांवर आडवा ताण येतो. अ‍ॅजिलिटी खेळणाऱ्या कुत्र्यांच्या दुखापतींत खांदा आणि पाठ यांचे प्रमाण मोठे असते. म्हणून वीव्ह पोल निदान वर्ष-सव्वा वर्षापर्यंत थांबवावेत, आणि तेव्हाही खांबांच्या दोन रांगांमध्ये रुंद वाट ठेवून, कुत्री सरळ धावेल अशा रीतीने सुरुवात करून ती वाट आठवड्या-आठवड्याने अरुंद करावी. असे केल्याने वेगही टिकतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. ए-फ्रेमचेही, म्हणजे दोन उतरत्या फळ्या शिखराशी जोडलेल्या अडथळ्याचेही, तसेच. त्याचे शिखर स्पर्धेत साधारण १.७ मीटर उंच असते आणि उतरताना सगळा भार पुढच्या खांद्यांवर येतो. अगदी सपाट केलेल्या ए-फ्रेमवर चालण्याची ओळख करून देता येते, परंतु पूर्ण उतार शेवटीच.

तिच्या हालचालींवर बारीक नजर ठेवावी. झोपेतून उठल्यावर पहिली पावले ताठर पडणे, बसताना एक पाय बाहेर टाकणे, धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र उचलणे, यांपैकी काहीही दिसले तर सराव थांबवून पशुवैद्याकडे जावे. तिचे वजन आटोक्यात ठेवणे आणि नखे वेळेवर कापणे या दोन साध्या गोष्टी आहेत, पण सांध्यांना त्यांचा मोठा आधार असतो. जेवणानंतर लगेच सराव करू नये, आणि कुत्री धापा टाकूनच मुख्यतः शरीर थंड करतात हे लक्षात ठेवून उष्ण वेळा कटाक्षाने टाळाव्यात.

प्रश्न : घरामागे थोडी जागा आहे. विकतचे साहित्य न घेता घरीच काय बनवता येईल?

उत्तर : पिल्लाच्या वयात लागते ते फारच थोडे. न सरकणारा बुटका पाट, जमिनीवर ठेवायच्या पाच-सहा काठ्या, वळसा घालायला दोन-तीन उभ्या वस्तू आणि एक रबरी चटई इतके पुरे. पुढे उडीचा अडथळा बनवताना दांडी खाचेत घट्ट बसवू नये. कुत्र्याचा पाय लागताच ती सहज खाली पडली पाहिजे. विटांवर फळी ठेवून डॉग वॉक किंवा सी-सॉ (मध्यावर टेकलेली, वरखाली होणारी फळी) बनवण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. हलणारी किंवा निसटणारी फळी एकदा जरी पायाखालून सरकली, तरी पिल्लू पुढे कित्येक महिने कोणत्याही फळीवर चढायला तयार होत नाही. जमिनीवर सपाट ठेवलेली रुंद फळी मात्र चालते आणि ती फार उपयोगी पडते. तिच्या टोकाशी पुढचे दोन पाय जमिनीवर आणि मागचे दोन फळीवर अशा स्थितीत थांबायला शिकवावे आणि खाऊ पुढच्या पंजांमध्ये, अगदी खाली द्यावा. डॉग वॉकच्या दोन्ही टोकांना साधारण ९० सेंटिमीटरचा रंगीत पट्टा असतो. उतरताना त्या पट्ट्यावर पाय न टेकवता उडी मारली तर दोष धरला जातो. हा नियम कुत्र्याने उंचावरून झेप घेऊ नये यासाठीच आहे, आणि त्याची सवय जमिनीवरच्या फळीवर विनासायास लागते.

प्रश्न : आम्ही एक मिश्र जातीचा कुत्रा दत्तक घेतला आहे. पशुवैद्यांच्या अंदाजाने तो दोन वर्षांचा असावा. त्याला अ‍ॅजिलिटी आवडू लागली आहे, पण सी-सॉ खाली आपटल्याच्या आवाजाने तो एकदा घाबरला आणि आता त्याच्याकडे पाहतही नाही. त्याचे शिकण्याचे वय निघून गेले आहे का?

उत्तर : मुळीच नाही. दोन वर्षांच्या कुत्र्याच्या हाडांची वाढ झालेली असते, त्यामुळे एकदा पशुवैद्यांकडून सांधे, हृदय आणि वजन तपासून घेतले की तो या खेळासाठी उत्तम वयात आहे. मिश्र जातीचे अनेक कुत्रे या खेळात फार सुरेख धावतात.

सी-सॉमध्ये भीती वाटण्यासारख्या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : पायाखालची फळी हलते आणि मोठा आवाज होतो. त्या दोन्ही सुट्या करून शिकवाव्या लागतात. सध्या त्याला सी-सॉच्या जवळ नेऊच नये. आधी आवाज घ्यावा. घरात, त्याच्यापासून पुरेशा दूर, मऊ गादीवर एखादी फळी हलकेच टेकवावी आणि त्या बारीकशा आवाजापाठोपाठ त्याला आवडता खाऊ द्यावा. आवाज झाला की तो खाऊच्या आशेने तुमच्याकडे पाहू लागला म्हणजे पुढची पायरी घ्यायला हरकत नाही, तोवर नाही. काही दिवसांनी तो स्वतः पंजाने फळी दाबून आवाज करील अशी व्यवस्था करावी. आवाज आपल्या पायाने होतो आणि आपण तो थांबवूही शकतो, हे कळल्यावर कुत्र्याची भीती झपाट्याने ओसरते. हालचालीसाठी, खाली जाडसर घडी ठेवलेला आणि अगदी किंचित डुलणारा पाट वापरावा. दोन्ही गोष्टी अलग अलग आनंदाने जमल्या, की खऱ्या सी-सॉची दोन्ही टोके आधार देऊन अशी ठेवावीत की ती फक्त दोन-तीन सेंटिमीटर हलेल, आणि आधार हळूहळू कमी करत जावे.

त्याला उचलून फळीवर ठेवणे, पट्ट्याने ओढणे किंवा वर चढेपर्यंत खाऊचे आमिष नाकापुढे धरणे, हे तिन्ही प्रकार टाळावेत. आमिषामागे चढलेल्या कुत्र्याला आपण कुठे आलो हे वर पोहोचल्यावरच कळते, आणि मग भीती दुप्पट होते. यास काही आठवडे लागतील, कदाचित महिने. तोपर्यंत टनेल, उड्या आणि धावण्याचा सराव चालू ठेवता येतो.

प्रश्न : अ‍ॅजिलिटी करायची असेल तर नसबंदी लवकर करावी की उशिरा?

उत्तर : हाडांच्या दृष्टीने, वाढ पूर्ण झाल्यावर. ग्रोथ प्लेट बंद होण्यास लैंगिक संप्रेरकांचा हातभार लागतो. ती वाढीच्या वयातच नाहीशी झाली तर पट्ट्या उशिरा बंद होतात आणि पाय काहीसे लांब होतात. अर्थात नसबंदीचा निर्णय केवळ खेळासाठी घ्यायचा नसतो. कुत्रीच्या गर्भाशयाचे व स्तनांचे आजार, नको असलेली पिल्ले, घरातली परिस्थिती हे सर्व पाहून तुमच्या पशुवैद्यांशी बोलूनच तो घ्यावा. ती लवकर झाली असेल तर पूर्ण उंचीच्या उड्यांसाठी थोडे अधिक थांबावे.

प्रश्न : आमचा कुत्रा दहा महिन्यांचा आहे. तीन महिन्यांचा असल्यापासून त्याचा पाया आम्ही काळजीपूर्वक घेतला आणि सहा महिन्यांचा असताना तो सगळे सुंदर करत असे. आता मात्र तो मैदानात गेला की गोल गोल धावत सुटतो, जमीन हुंगत बसतो, हाक मारली तरी येत नाही. प्रशिक्षक म्हणतात, तो हट्टी झाला आहे, कडक व्हा. आमचे कुठे चुकले?

उत्तर : तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून तुमचे चुकलेले दिसत नाही. तुमचा कुत्रा पौगंडावस्थेत आहे. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच आणि आठ महिन्यांच्या कुत्र्यांची तुलना केली होती. आठ महिन्यांचे कुत्रे त्यांना सांभाळणाऱ्या माणसाची बसण्याची आज्ञा पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी वेळा पाळत होते, परंतु अनोळखी माणसाची आज्ञा पाळण्यात अशी घट दिसली नाही. पुढे हा काळ सरला आणि कुत्रे पुन्हा नीट वागू लागले. शिकलेले पुसले गेलेले नसते. जगाचे आकर्षण या वयात एकदम वाढते आणि तुमच्या शब्दाचे वजन तात्पुरते घटते.

शिवाय, गोल गोल धावणे आणि अचानक जमीन हुंगणे ही अनेकदा ताणाची लक्षणे असतात. हट्ट समजून आवाज चढवला तर ताण वाढतो, धावणे वाढते, आणि मैदान म्हणजे मालक रागावतो ती जागा, अशी गाठ कुत्र्याच्या मनात पक्की बसते. या सदरात प्रशिक्षकांच्या मताविरुद्ध लिहिताना मी सहसा शंभरदा विचार करते, परंतु इथे मला स्पष्टच म्हणायचे आहे की दहा महिन्यांच्या कुत्र्याशी कडक होण्याची काहीही गरज नाही.

त्याऐवजी अपेक्षा कमी करावी आणि बक्षीस वाढवावे. मैदानाच्या मधोमध जाण्याऐवजी कडेला, इतर कुत्र्यांपासून दूर उभे राहावे. गाडीतून किंवा फाटकातून आत आल्यावर त्याला दोन-तीन मिनिटे मनसोक्त हुंगू द्यावे, तोपर्यंत काहीही मागू नये, आणि तो स्वतःहून तुमच्याकडे पाहील त्या क्षणी खेळ सुरू करावा. छातीच्या पट्ट्याला लांब दोरी लावावी, म्हणजे त्याला हाका मारत मागे पळावे लागणार नाही आणि आपण बोलावूनही न येण्याचा सराव त्याला मिळणार नाही. दोरी लावलेली असताना त्याला टनेलमध्ये किंवा उडीच्या खांबांमध्ये मात्र सोडू नये. ती अडकू शकते. एका वेळी एकच छोटा खेळ, तोही त्याला सहज जमणारा, आणि मग पुन्हा विश्रांती. एखाद्या दिवशी त्याचे लक्ष अजिबात लागत नसेल, तर सराव न करता त्याच्याबरोबर नुसता फेरफटका मारून परत यावे. पुढचे चार-पाच महिने नवीन अडथळे शिकवण्याचा कार्यक्रम बाजूला ठेवावा. तुमच्या कुत्र्याच्या हाडांनाही तेवढा वेळ हवाच आहे.